‘स्त्रियांच्या हाती मत आहे’ : एका न्यायालयीन वाक्याची चिकित्सा



आज खरं म्हणजे ‘लोकशाही आणि नैतिक सत्य’ असा मोठा विषय घेऊन बसायचं होतं. पण त्यातलं एकच उदाहरण आम्हाला इतके दिवस छळतं आहे की तेवढंच घ्यावं असं ठरवलं. दुसरंही एक कारण आहे. या विषयात आमची एक जाहीर चूक झालेली आहे. २०२२च्या डिसेंबरात, याच मालिकेत, प्रश्नोत्तरांच्या ओघात आम्ही बोलून गेलो होतो की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला खरा, पण दोन वर्षांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिथल्या बायका याचा हिशेब चुकता करतील. ‘लिहून ठेवा’ असंही म्हणालो होतो. नोव्हेंबर २०२४मध्ये एका श्रोत्या बाईंनी त्या ध्वनिमुद्रणाचा नेमका तेवढाच तुकडा आम्हाला पाठवला. खाली एकच ओळ होती: ‘सर, लिहून ठेवलं होतं.’

तेव्हा आज त्या चुकीची तपासणी. मात्र ती एकट्या आमची नव्हती. ज्या निकालावर आम्ही रागावलो होतो, त्या निकालात बसलेलं गृहीतक आणि आमच्या भाकितामागचं गृहीतक एकच होतं, हे आम्हाला फार उशिरा दिसलं. ते कसं, हे उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

आधी निकाल. २२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की गर्भ राखायचा की नाही हा निर्णय स्त्रीच्या खाजगी जीवनाच्या हक्कात येतो आणि राज्यघटना त्या हक्काचं रक्षण करते. जवळजवळ पन्नास वर्षं तो निकाल टिकला. मग मिसिसिपी राज्याने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपाताला बंदी करणारा कायदा केला, तो न्यायालयात गेला, आणि २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ खटल्यात न्यायालयाने ‘रो’ मोडीत काढला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी लिहिला. आशय असा, की घटनेत गर्भपाताचा हक्क कुठेही नाही. तेव्हा हा प्रश्न जनतेकडे आणि तिने निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडे परत जावा.

इथपर्यंत घटनेचा अर्थ लावण्याचा वाद आहे. त्यात आम्ही पडत नाही, तो वकिलांचा प्रांत. आमचं लक्ष अडकलं ते निकालाच्या शेवटाकडे आलेल्या एका विधानावर. अलिटो म्हणतात की स्त्रिया काही राजकीयदृष्ट्या शक्तिहीन नाहीत. त्या मत देतात, प्रचार करतात, निवडणुकीला उभ्या राहतात. आणि पुढे आकडे देतात: मिसिसिपीच्या लोकसंख्येत स्त्रिया सुमारे ५१.५ टक्के आहेत, पण नोव्हेंबर २०२०मध्ये तिथे प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांत त्या ५५.५ टक्के होत्या. म्हणजे, बायांनो, तुमच्याकडे बहुमत आहे. न्यायालयाच्या दारात कशाला उभ्या राहता?

युक्तिवाद वरवर पाहता चांगला आहे, हे आधी मान्य करू. अमेरिकन न्यायविचारात एक जुना धागा आहे. १९३८च्या एका निकालाच्या तळटिपेपासून तो सुरू होतो, आणि ती तळटीप मूळ निकालापेक्षा जास्त प्रसिद्ध झाली. अर्थ असा की ज्यांना मतपेटीतून कधीच न्याय मिळणार नाही अशा एकाकी पडलेल्या अल्पसंख्याकांच्या बाजूने न्यायालयाने विशेष जागरूक राहावं. अलिटोंचं विधान याच धाग्याची दुसरी बाजू आहे. जे अल्पसंख्य नाहीत, त्यांना न्यायालयाच्या छत्रीची गरज काय?

आता मिसिसिपीकडे नीट बघू, कारण उदाहरण त्यांनीच निवडलं आहे. या राज्यात हा प्रश्न थेट मतदारांपुढे एकदा आला होता. २०११ साली फलन झाल्या क्षणापासून गर्भाला ‘व्यक्ती’ मानावं अशी घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर होती. मिसिसिपी म्हणजे चर्चचा पगडा असलेलं, अमेरिकेतल्या सर्वांत परंपरानिष्ठ राज्यांपैकी एक. तिथे सुमारे ५८ टक्के मतदारांनी ती फेटाळली. पुढे काय झालं? नागरिकांनी सह्या गोळा करून प्रश्न मतपत्रिकेवर आणायचा, ही सोय मे २०२१मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकामी ठरवली. कारण ऐका. नियमात लिहिलं होतं की सह्या काँग्रेसच्या पाच मतदारसंघांतून समप्रमाणात यायला हव्यात. आणि २०००च्या जनगणनेनंतर मिसिसिपीत मतदारसंघच चार उरले होते. प्रकरण होतं वैद्यकीय वापराच्या गांजाचं, पण दार सगळ्यांसाठीच बंद झालं. २०२४ साली तिथल्या कनिष्ठ सभागृहाने ही सोय परत आणण्याचा प्रस्ताव मंजूर केला तेव्हा त्यात एक अट घातली, की गर्भपाताचा विषय मात्र अशा मतदानाला आणता येणार नाही. तो प्रस्तावही पुढे बारगळला.

म्हणजे ज्या राज्यातल्या स्त्री मतदारांचे आकडे देऊन ‘तुमच्या हाती मत आहे’ असं सांगितलं, त्याच राज्यात तो निकाल लिहिला गेला त्या वेळी या प्रश्नावर मत द्यायची पेटीच नव्हती. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर हसू गेलं.

पण ‘पेटी नव्हती’ एवढ्यानं युक्तिवाद पडत नाही. पेटी जिथे होती तिथे काय झालं ते पाहायला हवं, आणि तिथे अलिटो बरेचसे बरोबर ठरले असं म्हणावं लागतं.

कॅन्सस घ्या. २०२०मध्ये ट्रम्प यांना तिथे ५६ टक्के मतं होती. राज्याच्या घटनेतून गर्भपाताचा हक्क निघत नाही असं सांगणारी दुरुस्ती २ ऑगस्ट २०२२ रोजी मतदानाला आली. तारीख मुद्दाम निवडलेली होती. ती पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीची तारीख, ज्या दिवशी कुठल्याही पक्षाची नसलेली माणसं सहसा घरीच बसतात. ‘डॉब्स’चा निकाल येऊन सहा आठवडेही झाले नव्हते. त्या दिवसांत नव्याने मतदार नोंदणी करणाऱ्यांत बायकांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांवर गेल्याचं विश्लेषकांनी नोंदवलं आणि त्याची खूप चर्चा झाली. निकाल: ५९ टक्के विरोधात. नऊ लाखांहून जास्त लोक एका प्राथमिक निवडणुकीला उन्हाळ्यात बाहेर पडले. नोव्हेंबरात मिशिगन, केंटकी, मोंटाना, व्हर्मॉन्ट, कॅलिफोर्निया; पुढच्या वर्षी ओहायो. दोन वर्षांत सात राज्यांत मतदान झालं आणि सातही ठिकाणी गर्भपातहक्काची बाजू जिंकली. केंटकीतसुद्धा, मंडळी.

ओहायोची गोष्ट जरा सावकाश सांगावीशी वाटते, कारण मतपेटीत मत पडण्याआधी काय काय चालतं ते तिथे स्वच्छ दिसतं. नोव्हेंबर २०२३मध्ये हक्काच्या बाजूची दुरुस्ती मतदानाला येणार हे दिसू लागलं. तिथल्या विधिमंडळाने वर्षाच्या सुरुवातीलाच ऑगस्टमधल्या बहुतेक विशेष निवडणुका रद्द करणारा कायदा अमलात आणला होता. कारण सांगितलं की या दिवसांत मतदान फार कमी होतं आणि खर्च फुकट जातो. त्याच विधिमंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक विशेष निवडणूक लावली! विषय: यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी साठ टक्के मतं लागावीत. लोकांनी ८ ऑगस्टला ती ५७ विरुद्ध ४३ अशी फेटाळली. मग नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दुरुस्तीचा जो सारांश छापला, त्यात मूळ मसुद्यातला ‘गर्भ’ हा शब्द काढून ‘न जन्मलेलं मूल’ असा शब्द घातला. एवढं सगळं करून निकाल आला तो जवळपास ५७ टक्के हक्काच्या बाजूने. डिसेंबर २०२२मधली आमची ती घमेंड कॅन्ससच्या निकालावर पोसलेली होती. ओहायोनंतर ती आणखी वाढली.

आता नोव्हेंबर २०२४. एकाच दिवशी दहा राज्यांत हा प्रश्न मतपत्रिकेवर, आणि वर अध्यक्षपदाची निवडणूक. दहापैकी सात ठिकाणी हक्काची बाजू जिंकली. ॲरिझोनात जवळजवळ ६२ टक्के. मिसुरीत, जिथे जवळपास संपूर्ण बंदी होती, तिथेही सुमारे ५१.६ टक्के. आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच माणसांच्या हातून मिसुरीत ट्रम्प यांना ५८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. ॲरिझोनातही तेच जिंकले. ज्या तीन न्यायमूर्तींमुळे ‘रो’ गेला, त्यांना नेमणारे अध्यक्ष आणि ‘रो’मधला हक्क, दोघांनाही त्याच मतदारांनी निवडलं. मतदानोत्तर चाचण्यांनुसार कमला हॅरिस यांना स्त्रियांची ५३ टक्के मतं पडली. चार वर्षांपूर्वी बायडन यांना ५७ पडली होती. ‘डॉब्स’ झाल्यावर, स्त्री उमेदवार असताना, कमी! गोऱ्या स्त्रियांत तर ट्रम्प यांना बहुमत.

फ्लोरिडाचा हिशेब वेगळाच. तिथे हक्काच्या दुरुस्तीला ५७ टक्के मतं मिळाली आणि ती पडली, कारण त्या राज्यात साठ टक्के लागतात. ट्रम्प यांना त्या दिवशी तिथे ५६ टक्के होती. त्याला मोठा विजय म्हणाले. आणि साठ टक्क्यांची ही अट २००६ साली सार्वमतानेच आली. तिला स्वतःला किती मतं होती? ५८च्या आत! आज तिच्याच मापाने ती मोजली तर नापास झाली असती. तर्कशास्त्राच्या वर्गात हे उदाहरण दिलं असतं तर विद्यार्थी म्हणाले असते, सर, काहीतरी रचून सांगू नका.

तर आमचं चुकलं कुठे?

पहिली गोष्ट. ‘स्त्री मतदार’ नावाचा एक प्राणी आहे, त्याला एक गर्भाशय आहे आणि तो त्या गर्भाशयाच्या हिताने मत देतो, असं आम्ही धरून चाललो होतो. अलिटोंनीही तेच धरलं होतं. ५५.५ टक्के हा आकडा त्या वाक्यात कशासाठी येतो? बायका बहुसंख्य आहेत, सबब बायकांचा प्रश्न बायका सोडवतील, यासाठी. पण अमेरिकेतली मतं पाहिली तर गर्भपात कायदेशीर असावा का, यावर बायका आणि पुरुष यांच्यातला फरक थोडक्या टक्क्यांचाच निघतो. खरी दरी आहे ती धर्माची आणि पक्षाची. समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध सत्तरच्या दशकात देश पालथा घालणाऱ्या फिलिस श्लॅफ्ली बाईच होत्या. मिसिसिपीचा कायदा राज्याच्या वतीने लढवणाऱ्या महाधिवक्त्या लिन फिच, त्या बाईच. ‘डॉब्स’च्या बहुमतात एमी कोनी बॅरेट होत्या. या स्त्रिया बनावट आहेत, त्यांना स्वतःचं हित कळत नाही, असं म्हणायची काही पुरोगाम्यांना सवय आहे. आम्हाला ती उद्धटपणाची वाटते. त्यांना त्यांचं मत आहे, इतकंच.

हे नवं नाही बरं का. १९२० साली अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार मिळाला तेव्हा पुढारी घाबरले होते. आता बायकांची एकगठ्ठा मतं येणार! त्या भीतीपोटी १९२१मध्ये काँग्रेसने शेपर्ड-टाउनर कायदा केला: बाळंतीण आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्राचं अनुदान. फार चांगला कायदा होता. मग दोन-चार निवडणुका झाल्या आणि पुढाऱ्यांच्या लक्षात आलं की बायका एकगठ्ठा मत देतच नाहीत. आपापल्या घराच्या, पंथाच्या, पेशाच्या कलाने देतात. डॉक्टरांच्या संघटनेचाही विरोध होता. १९२९मध्ये अनुदान संपलं ते संपलंच. स्त्रियांच्या मताची भीती होती तोवर बाळंतिणीला पैसे होते.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. समजा स्त्रियांचं खरोखरच एकमत असतं. तरी ‘तुम्हाला मत आहे, म्हणून हा हक्क वेगळा नको’ हे म्हणणं टिकतं का? गिल्बर्ट राईल यांनी ज्याला कोटिदोष म्हटलं, तो इथे आहे. मत म्हणजे सामाईक निर्णयातला वाटा. हक्क म्हणजे काही निर्णय सामाईक होऊच नयेत याची हमी. या दोन जातीच वेगळ्या. आमच्या लहानपणी वाड्यात बावीस माणसं होती. आमच्या एका विधवा आत्याची एक लोखंडी ट्रंक होती, कुलूप घातलेली. आजोबा म्हणायचे, ‘अगं, वाड्यात तुझाही शब्द चालतो, मग कुलूप कशाला?’ आत्या बोलत नसे, पण किल्लीही देत नसे. तिचा शब्द वाड्यात खरोखर चालत होता. स्वयंपाक काय करायचा, कुणाच्या लग्नाला कोणी जायचं, सगळं तिला विचारून होई. ट्रंकेत काय ठेवायचं हे मात्र बावीस जणांनी हात वर करून ठरवायचं नव्हतं, अगदी तिचाही हात त्यात मोजला तरी.

आणि निर्णय सामाईक झाला की बहुमत नेमकं कुणाचं मोजायचं? इथे ५५.५ टक्क्यांचा आकडा दुसऱ्यांदा फसवतो. हा हक्क ‘स्त्रियांना’ लागत नाही. तो लागतो आज, या आठवड्यात, गरोदर असलेल्या आणि अडचणीत सापडलेल्या स्त्रीला. अशा स्त्रिया कुठल्याही एका दिवशी लोकसंख्येत मूठभर असतात. त्यांची संघटना नसते, त्यांना एकमेकींची नावं माहीत नसतात, पुढच्या वर्षी त्यांच्या जागी दुसऱ्याच असतात. त्यांतल्या बहुतेकींना महिन्याभरापूर्वी आपण या यादीत येऊ असं वाटलेलंही नसतं. तळटिपेतला तो एकाकी अल्पसंख्याक शोधायचा असेल तर तो इथे आहे. गर्भाचे आठवडे चाळीस, आणि निवडणूक दोन वर्षांनी, चार वर्षांनी, नोव्हेंबरात.

आता विरुद्ध बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. ते टाळलं तर ही चिकित्सा म्हणायची नाही. जॉन हार्ट ईली नावाचे मोठे घटनापंडित होते. गर्भपात कायदेशीर असावा असं त्यांचं स्वतःचं मत. तरीही १९७३मध्येच त्यांनी ‘रो’वर कडक टीका केली. त्यांचा मुद्दा असा: विधिमंडळात बायका पुरुषांच्या मानाने कमी आहेत हे खरं, पण गर्भ तर तिथे एकही बसत नाही. मत नसलेल्याचं रक्षण करायचं म्हणता, तर सगळ्यांत मतहीन कोण?

या प्रश्नाला आम्ही बरीच वर्षं बगल दिली. वर्गात ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांचा १९७१चा लेख शिकवायचो. तो कल्पनाप्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल: जागे होता तो तुमच्या शरीराला एक आजारी वादक नळ्यांनी जोडलेला, नऊ महिने तसंच राहिलात तर तो वाचेल. गर्भाला पूर्ण व्यक्ती मानलं तरी दुसऱ्याच्या शरीराचा वापर करण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही, हे थॉमसन दाखवतात. आम्हाला ते आजही पटतं. पण ईलींना एवढं उत्तर पुरत नाही, कारण त्यांचा रोख शरीरापेक्षा ‘कोणी ठरवायचं’ यावर आहे. तिथे आमचं म्हणणं असं, की गर्भाच्या नैतिक दर्जाबद्दल आपण काही ठरवत नाही, असं ‘डॉब्स’चा निकाल स्वतःच म्हणतो. मग गर्भाच्या नावाने स्त्रीचा निर्णय काढून घ्यायचा आणि गर्भ कोण हे मात्र सांगायचं नाही, असं दोन्हीकडून कसं चालेल? तो प्रश्न खरोखर अनिर्णित असेल तर ज्याच्या शरीरात तो अनिर्णित आहे त्याच्याकडे निर्णय राहावा, हे आम्हाला अधिक सयुक्तिक वाटतं. ईलींचे अनुयायी मान हलवणार नाहीत. नको हलवू देत.

हे सगळं तुम्हाला फार दूरचं वाटत असेल तर एक घरचं सांगतो. आमच्या थोरल्या बहिणीची नात टेक्सासमध्ये असते. नवरा एच-वन-बी व्हिसावर, ती त्याच्या आधाराच्या व्हिसावर. २०२३मध्ये दहाव्या आठवड्यात तिचा गर्भ आपोआप पडू लागला. कायद्याने उपचाराला मनाई नव्हती. पण त्या राज्यात डॉक्टर चुकला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, आणि भीती कलमं वाचून थांबत नाही. पुन्हा सोनोग्राफी करा, परवा या, औषधाच्या दुकानात पुन्हा चौकशी, असे चार दिवस गेले. पोरगी वाचली, बरी आहे. ‘स्त्रियांच्या हाती मत आहे’ हे वाक्य तिला वाचून दाखवलं तर? तिच्या हाती मत नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग पाहता तिचं बाळंतपणाचं वय निघून जाईल तरी नसेल. कायदा तिच्या शरीराला लागू आहे, मतपत्रिका लागू नाही. आपल्या मराठी मुली त्या देशात किती आहेत याचा विचार करा.

त्या चार दिवसांत तिला गाडीने नेणारी-आणणारी, सूप करून देणारी तिची शेजारीण, साठीची, दर रविवारी चर्चला जाणारी बाई. २०२४मध्ये तिने ट्रम्प यांना मत दिलं. अंड्यांचे भाव, घरभाडं, ही तिची कारणं. आमच्या नातीने तिला जरा दुखावूनच विचारलं, की माझं जे झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना? तर ती म्हणाली, ‘त्याबद्दल मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी तुझ्या बाजूने मत दिलं असतं.’ आणि ते खरं आहे. टेक्सासमध्ये नागरिकांना प्रश्न मतपत्रिकेवर आणण्याची सोयच नाही. मिसुरीतल्या बाईला दोन चौकोन मिळाले, तिने दोन वेगळी उत्तरं दिली. टेक्सासच्या बाईला एकच चौकोन. त्यात अंडी, घरभाडं, सीमा, चर्च आणि आमच्या नातीचे चार दिवस, सगळं एकत्र कोंबलेलं.

मग सार्वमत हाच उपाय का? काही जण आयर्लंड दाखवतात. बेळगावच्या घरातली एक तरुण दंतवैद्य ऑक्टोबर २०१२मध्ये तिथे गेली, वेळेवर गर्भपात नाकारल्यामुळे. आणि २५ मे २०१८ला ६६.४ टक्के लोकांनी घटनेतली बंदी उठवली. आम्हाला तेव्हा भरून आलं होतं. पण ती बंदी १९८३मध्ये घातली होती तीही सार्वमतानेच, जवळजवळ ६७ टक्क्यांनी. पस्तीस वर्षांचं अंतर. त्या मधल्या बायकांनी काय करायचं होतं?

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो, कारण कोणीतरी विचारणारच. १९३८मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात मांडला गेला आणि फेटाळला गेला. १९७१चा गर्भपाताचा कायदा शांतिलाल शाह समितीच्या अहवालातून आला. त्यावर निवडणूक झाली नाही, आणि त्यात निर्णयाची चावी बाईपेक्षा डॉक्टरच्या मताकडे ठेवली गेली. शरीराच्या प्रश्नाने सरकार पाडायला हातभार लावला असं एकदाच घडलं, १९७७ साली. आधीच्या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या, बहुतेक पुरुषांच्या. उत्तर भारताने काँग्रेसला झोपवलं. त्यानंतर कुठल्याही सरकारने पुरुषांना हात लावला नाही. शिबिरं चालूच राहिली, फक्त टेबलावर बायका आल्या. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका दिवसात त्र्याऐंशी बायकांवर शस्त्रक्रिया केल्या, त्या शिबिरांच्या फेऱ्यात डझनाहून अधिक जणी मेल्या. त्या बायकांनाही मत होतं. त्यावर सरकार पडलं नाही.

ज्या श्रोत्या बाईंनी तो तुकडा पाठवला होता, त्यांना आम्ही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. आज एवढंच सांगतो: बायका हिशेब चुकता करतील, हे आमचं वाक्य आम्ही मागे घेतो. निवडणूक हरल्यामुळे घेत नाही. हॅरिस जिंकल्या असत्या तरी ते चुकीचंच असतं, कारण हिशेब चुकता करायची जबाबदारी आम्ही ज्यांचं देणं होतं त्यांच्याच अंगावर टाकत होतो.

आणि एक राहिलं. मिसुरीच्या मतदारांनी २०२४मध्ये जो हक्क घटनेत लिहिला, तो रद्द करण्याचा प्रस्ताव तिथल्या विधिमंडळाने मे २०२५मध्ये मंजूर करून नोव्हेंबर २०२६च्या मतपत्रिकेवर ठेवला. तोच प्रश्न, त्याच लोकांना, दोन वर्षांत पुन्हा. या वेळी आम्ही भाकीत करणार नाही.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या बाईंचा हात आधी वर झाला होता.